स्कायरिमचा मॉड: काल बोलणारं पात्र आज मुकं का होतं?

लक्षण असं. स्कायरिम या गेमसाठी तुम्ही मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घालायची भर, बनवला आहे. पात्रासमोर जाऊन तुम्ही संवादाचा पर्याय निवडता. पात्र तुमच्याकडे बघतं, सबटायटल क्षणभर चमकून नाहीसं होतं आणि पुढचा पर्याय समोर येतो. आवाज नाही, ओठही हलत नाहीत. आवाजाची फाइल जागेवर आहे, संगणकावर वाजवली तर स्वच्छ ऐकू येते आणि मागच्या आठवड्यात गेममध्येही ऐकू येत होती. तुम्ही पुन्हा रेकॉर्ड करता, फाइल पुन्हा टाकता, सगळं चालू होतं. महिन्याभराने तेच दुखणं परत.

साथीदार पात्रांचे संवाद गेममध्ये घालताना हा प्रकार मी इतक्यांदा भोगला आहे की आता सांगावंसं वाटतं: बहुतेक वेळा रेकॉर्डिंगमध्ये काहीच चूक नसते, त्यामुळे पुन्हा रेकॉर्ड करू नका. आवाज देणाऱ्या माणसाला तीच वाक्यं दुसऱ्यांदा म्हणायला लावण्याआधी खालच्या गोष्टी तपासा.

आधी एक तयारी. फझ रो डोह हा मॉड बसवलेला असेल तर तपासणीपुरता बंद करा. आवाजाची फाइल सापडली नाही की तो तिच्या जागी वाक्याच्या लांबीइतकी शांतता भरतो, म्हणजे सबटायटल वाचता येईल इतकं थांबतं. खेळणाऱ्यांसाठी तो फार उपयोगी आहे आणि बिनआवाजाचे मॉड त्याच्याच आधारावर चालतात. पण शोध घेताना तो दोष झाकतो. तो बंद असताना सबटायटल झपकन गेलं, तर गेमला फाइल मिळालेली नाही हे नक्की. सबटायटल वाक्याच्या खऱ्या लांबीइतकं थांबलं आणि तरीही आवाज आला नाही, तर फाइल मिळाली आहे आणि तक्रार तिच्या आतल्या मालाबद्दल आहे. हा फरक पहिल्यांदा लावून घ्या, पुढचे कितीतरी तास वाचतात.

नावाची गाठ

मूळ २०११चा गेम असो की २०१६ची स्पेशल एडिशन, वाक्य आणि आवाज यांना जोडणारा धागा एकच आहे, फाइलचा पत्ता. प्लगइनमध्ये (मॉडचा डेटा ठेवणाऱ्या फाइलमध्ये) कुठेही 'या वाक्याला ही फाइल' असं लिहिलेलं नसतं. गेम वाक्याच्या माहितीवरून पत्ता स्वतः बनवतो आणि त्या पत्त्यावर कोणी आहे का ते बघतो. नसेल तर गुपचूप पुढे जातो, त्रुटीचा संदेशही देत नाही.

तो पत्ता असा बनतो. डेटा फोल्डरमध्ये साउंड, त्यात व्हॉइस, त्यात तुमच्या प्लगइनच्या नावाचं फोल्डर (ईएसपी किंवा ईएसएम या एक्स्टेन्शनसकट), आणि त्यात पात्राच्या व्हॉइस टाइपच्या (आवाजाच्या प्रकाराच्या) नावाचं फोल्डर. फाइलच्या नावात आधी क्वेस्टचा (कामगिरीचा) आयडी, मग टॉपिकचा (संवादाच्या विषयाचा) आयडी, मग वाक्याच्या नोंदीचा आठ अंकी फॉर्मआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, आणि शेवटी त्या नोंदीतलं कितवं वाक्य त्याचा आकडा. मध्ये अंडरस्कोर. क्वेस्ट आणि टॉपिकची नावं लांबलचक असतील तर ती कापली जातात, म्हणून हे नाव हाताने जुळवायचा मोह टाळा. क्रिएशन किट या मॉड बनवण्याच्या साधनात रिस्पॉन्सची (पात्राच्या वाक्याची) खिडकी उघडली की खाली व्हॉइस टाइपच्या यादीत तयार नाव दिसतं, ते जसंच्या तसं वापरा.

फॉर्मआयडीच्या पहिल्या दोन अंकांवर नवे लोक हमखास अडखळतात. एसएसईएडिट या प्लगइन बघण्या-बदलण्याच्या साधनात तुमची नोंद ०१, ०२ किंवा ०५ने सुरू होताना दिसते, कारण ते दोन अंक लोड ऑर्डरमधली (प्लगइन चढण्याच्या क्रमातली) जागा सांगतात. फाइलच्या नावात मात्र तिथे कायम दोन शून्यंच हवीत. लाइट प्लगइनची (लोड ऑर्डरमध्ये वेगळी जागा न खाणाऱ्या प्लगइनची) नोंद गेममध्ये एफई या अक्षरांनी सुरू होते. फाइलच्या नावात तेही येत नाही, शेवटचे तीन अंक सोडून आधी सगळी शून्यं.

आता या पत्त्यातला कोणताही तुकडा बदलला की गाठ सुटते, आणि मॉड बनवताना हे तुकडे आपण सारखे बदलत असतो. समस्या परत परत येते ती इथून.

प्लगइनचं नाव बदललं: 'टेस्ट२' नावाने सुरू केलेल्या प्लगइनला प्रकाशनाआधी नीट नाव दिलं आणि व्हॉइसमधलं फोल्डर जुन्याच नावाचं राहिलं. यात सगळीच वाक्यं एकदम मुकी होतात, त्यामुळे ओळखायला सोपं. फोल्डरचं नाव बदला, झालं.

क्वेस्टचा किंवा टॉपिकचा आयडी नीटनेटका केला: यात फक्त त्या क्वेस्टची किंवा त्या टॉपिकची वाक्यं गप्प होतात, बाकीचं पात्र छान बोलत राहतं. म्हणून संशय भलतीकडे जातो.

वाक्य पुसून पुन्हा लिहिलं: मजकूर तोच असला तरी नवी नोंद म्हणजे नवा फॉर्मआयडी. दुरुस्ती करायची असेल तर आहे त्या नोंदीतला मजकूर बदला, नोंद काढून नवी बनवू नका. एका नोंदीत तीन-चार वाक्यं ओळीने असतील आणि मधलं काढून तिथे दुसरं घातलं असेल, तर शेवटचे आकडेही किटमध्ये जाऊन पुन्हा बघून घ्या.

पात्राचा व्हॉइस टाइप बदलला: सुरुवातीला गेममधला एखादा तयार प्रकार लावलेला असतो, नंतर पात्राला स्वतःचा देतो. फोल्डर बदललं. याचाच एक लपलेला प्रकार आहे. पात्र एखाद्या टेम्प्लेटवर उभं असेल आणि 'यूज ट्रेट्स' ही खूण लावलेली असेल, तर व्हॉइस टाइप टेम्प्लेटचा धरला जातो. तुम्ही पात्राच्या खिडकीत काय निवडलं आहे याला मग अर्थ उरत नाही.

अटी बदलल्या: रिस्पॉन्सच्या खिडकीत कोणते व्हॉइस टाइप दिसणार ते त्या नोंदीच्या अटींवरून ठरतं. 'गेटइजआयडी' अट असेल तर एकच पात्र, म्हणून एकच ओळ दिसते. अट काढून टाकली की गेमला वाटतं हे वाक्य कोणीही म्हणू शकेल, आणि यादी मैलभर लांब होते. तुमचं रेकॉर्डिंग त्यातल्या एकाच फोल्डरमध्ये असतं. दोन वेगळ्या व्हॉइस टाइपच्या पात्रांनी तेच वाक्य म्हणायचं असेल, तर दोन्ही फोल्डरांत त्याच नावाची फाइल हवी.

आणि सामायिक वाक्य. एखादी नोंद दुसऱ्या नोंदीचा रिस्पॉन्स उसना घेत असेल, तर आवाज त्या मूळ नोंदीच्या नावाने शोधला जातो. उसनं घेणाऱ्या नोंदीच्या नावाने फाइल ठेवून उपयोग नाही.

लाइट प्लगइन करताना झालेली पडझड

याबद्दल सविस्तर लिहितो, कारण यात मी एक अख्खा आठवडा घालवला. साथीदाराचा मॉड पूर्ण झाला होता, १४० वाक्यं, सगळी तपासलेली. लोड ऑर्डरमध्ये जागा खाऊ नये म्हणून शेवटच्या दिवशी त्याला लाइट प्लगइनची खूण लावायचं ठरवलं. त्यासाठी फॉर्मआयडी ठरलेल्या मर्यादेत बसवावे लागतात. पूर्वी ही मर्यादा २०४८ नव्या नोंदींची होती, गेमच्या १.६.११३० आवृत्तीपासून ४०९६ झाली. एसएसईएडिटमध्ये फॉर्मआयडी आटोपशीर करण्याचा पर्याय आहे. तो चालवला, एका मिनिटात काम झालं आणि पात्र पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत मुकं झालं.

कारण उघड आहे, पण त्या वेळी दिसलं नाही. हा पर्याय प्लगइनच्या आतले आकडे बदलतो, बाहेर पडलेल्या आवाजाच्या फाइलींची नावं बदलत नाही. चेहऱ्याच्या फाइलींचंही तसंच, म्हणून त्याच दिवशी पात्राचा चेहराही काळवंडला. ही दोन लक्षणं जोडीने दिसली तर दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

यातून बाहेर पडायची वाट आहे आणि ती आवाज न गमावता जाते. प्लगइनची आटोपशीर करण्याआधीची प्रत हवी, म्हणून ती कायम ठेवा. क्रिएशन किटमधून क्वेस्टचे संवाद मजकूर फाइलमध्ये एक्सपोर्ट करता येतात. त्यात प्रत्येक वाक्यासोबत आवाजाच्या फाइलचं नाव येतं. जुन्या प्लगइनची यादी काढा, नव्याची काढा, दोन्ही स्प्रेडशीटमध्ये शेजारी मांडा. क्वेस्ट आणि टॉपिकचे आयडी बदललेले नसतात, फक्त मधला आकडा वेगळा असतो. त्यामुळे टॉपिक आणि मजकूर यांवरून जोड्या लागतात. नुसत्या मजकुरावर विसंबू नका. 'हो', 'चल', 'थांब' अशी छोटी वाक्यं दहा ठिकाणी असतात आणि रागातलं 'थांब' मायेच्या प्रसंगात जाऊन बसतं. जोड्या लागल्या की जुनं नाव आणि नवं नाव अशी एक बॅच फाइल बनवा आणि एकदम नावं बदला.

दोन प्लगइन एकत्र करताना हेच सगळं घडतं, वर फोल्डरचं नावही बदलतं.

यावरून मी कामाचा क्रम बदलला. लाइट करायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवतो. मजकूर पक्का, आयडी पक्के, प्लगइनचं नाव पक्कं, मग संवादांची यादी एक्सपोर्ट, आणि त्यानंतरच माइक.

फाइल आहे, पण गेमला दिसत नाही

नाव अक्षरन् अक्षर जुळतंय आणि तरी शांतता असेल, तर दोन-तीन साध्या जागा बघा. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर फाइलला दोनदा 'वेव्ह' लागलेलं असतं आणि डोळ्यांना एकच दिसतं. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय चालू करा.

मॉड ऑर्गनायझर हा मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर क्रिएशन किट त्याच्यातूनच सुरू करा. बाहेरून सुरू केलं की किटला तुमचे मॉड दिसत नाहीत, आणि आतून सुरू केलं की नव्याने तयार झालेल्या फाइली बऱ्याचदा 'ओव्हरराइट' फोल्डरमध्ये जाऊन पडतात. तिथून त्या स्वतःच्या मॉडमध्ये हलवा. व्होर्टेक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल बदलल्यावर पुन्हा डिप्लॉय करावं लागतं.

बीएसएमध्ये (मॉडच्या फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात) बांधल्यावरच आवाज गेला असेल तर संशय कॉम्प्रेशनवर घ्या. आवाज असलेलं बीएसए कॉम्प्रेस केलेलं नसावं. शिवाय बीएसएचं नाव प्लगइनच्या नावाशी जुळायला हवं, नाहीतर गेम ते उघडणारच नाही. सुट्या फाइली बीएसएवर मात करतात, म्हणून तपासताना जुन्या सुट्या फाइली बाजूला काढा. नाहीतर तुम्ही बांधलेलं बीएसए प्रत्यक्षात कधी तपासलंच जात नाही आणि पहिली तक्रार खेळणाऱ्याकडून येते.

आवाजाची घडण

वेव्ह फाइल मोनो, १६ बिट, ४४,१०० हर्ट्झ. ऑडॅसिटीत काम आतल्या आत ३२ बिट फ्लोटमध्ये चालतं आणि तशीच फाइल बाहेर काढली तर संगणक ती आनंदाने वाजवतो, गेम नाही. एक्सपोर्ट करताना 'साइन्ड १६ बिट पीसीएम' निवडा. स्टिरिओ फाइल द्याल तर आवाज पात्राच्या तोंडातून आल्यासारखा न वाटता थेट कानात वाजतो, आणि लिप फाइल (ओठांच्या हालचालीची फाइल) बनवतानाही अडथळा येतो.

शेवटी वेव्हची एक्सडब्ल्यूएम (दाबलेली ध्वनी फाइल) करून ती लिप फाइलसोबत फझ या एकाच फाइलमध्ये बांधतात. याकिटोरी ऑडिओ कन्व्हर्टर किंवा अनफझर ही साधनं हे काम ढिगाने करतात. काम चालू असताना मात्र मी सुटी वेव्ह आणि सुटी लिप ठेवतो, गेम तीही वाचतो. एका वाक्याची वेव्ह आणि जुनी फझ एकाच फोल्डरमध्ये राहू देऊ नका. नवं रेकॉर्डिंग टाकूनही जुनंच ऐकू येतंय, अशी तक्रार असेल तर बहुधा विसरलेली फझ सापडते.

आवाज आहे, ओठ बंद आहेत

लिप फाइल ही त्या विशिष्ट वेव्हसाठी आणि त्या विशिष्ट मजकुरासाठी बनते. किट वाक्याचा मजकूर आणि ध्वनी दोन्ही ताडून ओठांची हालचाल ठरवतं. म्हणून आवाज देणाऱ्याने ऐन वेळी वाक्य बदललं असेल, आणि चांगले कलाकार ते करतात, तर आधी रिस्पॉन्सचा मजकूर तसा करा, मग लिप बनवा. 'हळू आवाजात', 'रडत' असल्या सूचना मजकुरात लिहू नका. त्यासाठी स्क्रिप्ट नोट्सची वेगळी जागा आहे.

लिप बनवल्यानंतर वेव्हच्या सुरुवातीची शांतता कापली तर ओठ तेवढेच मागे पडतात. काटछाट आधी, लिप नंतर.

स्पेशल एडिशनच्या किटमध्ये लिपचं बटण दाबूनही काही होत नाही, हा अनुभव जुना आणि सार्वत्रिक आहे. त्यावर क्रिएशन किट प्लॅटफॉर्म एक्स्टेंडेड हा दुरुस्ती-संच फेसएफएक्सरॅपरसह वापरतात. तो बसवूनही लिप बनत नसेल तर डेटा, साउंड, व्हॉइस, प्रोसेसिंग या फोल्डरमध्ये फोनिक्सडेटा नावाची सीडीएफ फाइल आहे का बघा. तिच्याशिवाय विश्लेषण सुरूच होत नाही. आणि वेव्ह तिच्या अंतिम जागी, अंतिम नावाने आधीच असावी लागते.

मराठीत संवाद रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी एक अडचण वेगळी आहे. गेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे सबटायटलच्या जागी चौकोन येतात. शिवाय लिपचं विश्लेषण इंग्रजी उच्चार धरून चालतं. मी रिस्पॉन्समध्ये मराठी वाक्य रोमन अक्षरांत, कानाला जसं ऐकू येतं तसं लिहून लिप बनवतो. अगदी तंतोतंत नाही, पण ओठ शब्दांबरोबर उघडतात-मिटतात.

पर्यायच दिसत नाही

हे दुखणं वेगळं आहे, पण त्याची गल्लत आवाजाशी होते. नवा गेम सुरू केल्यावर किंवा मॉड प्रथमच लावल्यावर पात्र काही बोलतच नाही, संवादाचे पर्याय येत नाहीत, आणि सेव्ह करून पुन्हा लोड केलं की सगळं सुरळीत. तुमची क्वेस्ट 'स्टार्ट गेम एनेबल्ड' (गेमबरोबर आपोआप सुरू होणारी) आहे आणि अशा क्वेस्टची यादी असलेली एसईक्यू फाइल नाही. एसएसईएडिटमध्ये प्लगइनवर उजवी क्लिक करून ती बनवता येते. डेटामधल्या सीक फोल्डरमध्ये ती प्लगइनच्याच नावाने बसते. प्लगइनचं नाव बदललं, फॉर्मआयडी बदलले किंवा नवा मास्टर (ज्यावर प्लगइन अवलंबून आहे तो दुसरा प्लगइन) जोडला, की ती पुन्हा बनवा.

साथीदार पात्राला स्वतःचा व्हॉइस टाइप दिला आणि 'माझ्याबरोबर चल' हा पर्याय गायब झाला, तर तो व्हॉइस टाइप व्हॉइसेसफॉलोअरऑल या यादीत घालायचा राहिला आहे. घातल्यावर पर्याय येतो, पण उत्तर मुकंच असतं. ती सामायिक वाक्यं गेमने आपल्या व्हॉइस टाइपसाठीच रेकॉर्ड केलेली आहेत, तुमच्या नव्या प्रकाराच्या फोल्डरात त्यांची फाइल नाही. अशा मॉडमध्ये साथीदाराची वाक्यं स्वतःच्या क्वेस्टमध्ये लिहून स्वतः रेकॉर्ड करणं मला सगळ्यात बरं वाटतं. कामं वाढतात, पण पात्र एका आवाजात, एका स्वभावात बोलतं.

पुन्हा माइकसमोर बसावं लागलंच तर

कधी तरी खरंच नवं वाक्य रेकॉर्ड करावं लागतं. तेव्हा जुन्या वाक्यांशेजारी ते वेगळं पडू नये यासाठी पहिल्या दिवसाची नोंद लागते: कोणता माइक, तोंडापासून किती अंतरावर, कोणत्या खोलीत, गेन किती. मी माइक वीतभर लांब आणि थोडा तिरका ठेवतो, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास. सुरुवातीला पाच सेकंद कोणीही न बोलता खोलीचा आवाज घेतो, नंतर नॉइज रिडक्शनला तोच नमुना द्यायचा. प्रतिध्वनी किंवा घुमारा मुद्दाम घालायचा नाही, गुहेत किंवा दालनात शिरल्यावर गेम तो स्वतः देतो.

सलग सत्र रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत लेबल ट्रॅक वापरा. प्रत्येक वाक्यावर एक लेबल, आणि लेबलचं नाव म्हणजे किटच्या एक्सपोर्ट यादीतून चिकटवलेलं फाइलचं नाव. मग लेबलांनुसार एकदम एक्सपोर्ट केलं की प्रत्येक वाक्य आपापल्या नावाने बाहेर पडतं. हाताने टंकलेल्या नावांतल्या चुका तिथेच संपतात. मूळ लांब रेकॉर्डिंग मात्र पुसू नका. पुढे फॉर्मआयडी बदलले तर नव्या यादीतली नावं त्याच लेबलांवर चिकटवून सगळ्या फाइली पुन्हा काढता येतात.